मोगरी आणि सम

जुन्या जळगावात, रथ चौकापासून हाकेच्या अंतरावर एक मुलगी राहत होती. वडील दालमिलमध्ये कामाला जायचे, आई घरी शिलाईकाम करायची आणि आजोबांना सारी गल्ली आबा म्हणायची. घर लहान होते. पण या मुलीच्या पायांना घर पुरत नसे. ती पाणी भरायला निघाली तरी ठेका धरूनच निघायची.

खानदेशात श्रावण आला की कानबाई येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते, रोटांचा नैवेद्य होतो, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जनाची मिरवणूक निघते. त्या मिरवणुकीत ही मुलगी सहा वर्षांची असल्यापासून नाचत आली होती. वाजंत्री थकायची, ती थकायची नाही. मावश्या, आत्या, शेजारणी तिच्यावरून बोटे मोडायच्या. ‘हिला शिकवायची गरजच नाही,’ असे सगळ्या म्हणायच्या. मुलीलाही तसेच वाटू लागले होते.

जळगावात दर वर्षी जानेवारीत बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. बालगंधर्वांचे आणि या गावाचे नाते जुने आहे. लहानपणी त्यांनी गाण्याचे पहिले धडे इथेच मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. एका वर्षी त्या महोत्सवात कथकचा कार्यक्रम होता आणि आईने मुलीला सोबत नेले. नर्तकी रंगमंचावर आली आणि नुसती उभी राहिली. सारंगीवर लेहऱ्याची एकच धून फिरत होती, तबला बोलत होता, आणि ती फक्त एक मनगट, एक भुवई हलवत होती. मुलीला वाटले, ही नाचणार कधी? मग नर्तकीने चक्कर घ्यायला सुरुवात केली. एकामागून एक, एकाच जागी, आणि शेवटच्या चक्करनंतर ती तबल्याच्या ‘धा’बरोबर अशी थांबली की सभागृहाने श्वास रोखला. घरी येताना मुलगी आईला म्हणाली, ‘मला ते चक्कर शिकायचे आहेत.’ उभे राहणे ती तिथेच विसरून आली होती.

गावात कथक शिकवणाऱ्या एक ताई होत्या. आईने शिलाईच्या पैशांतून फी भरली. पहिल्या दिवशी मुलीने कानबाईत नाचायची तसे नाचून दाखवले. ताई मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, ‘पाय छान आहेत गं तुझे. आता त्यांना मोजायला शिकवू.’

मग सुरू झाला तत्कार, म्हणजे पायांनी बोल काढणे. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. तीनतालाच्या 16 मात्रा, चार-चार मात्रांचे 4 विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न देता हात उघडायचा. पहिली मात्रा म्हणजे सम. सगळे तिथून निघते आणि सगळ्यांनी तिथेच परत यायचे. गुडघे सरळ, पाठ सरळ, तळवा जमिनीवर सपाट पडला पाहिजे. लय ठाय, म्हणजे संथ. पायात घुंगरू नाहीत.

‘ताई, घुंगरू कधी?’ मुलगी विचारायची.

‘पाय बोलायला लागले की. आज घुंगरू बांधले तर तेच बोलतील, आणि तुला वाटेल की पाय बोलताहेत.’

आठवडे गेले, महिने गेले. बरोबरच्या मुलींना हळूहळू गोडी लागली. या मुलीला मात्र संथ लय सहन होत नसे. सगळ्या ठायमध्ये असताना हिचे पाय आपोआप दुगुनीत जायचे. ताई हाताने ताल देत तिला मागे आणायच्या, ती पुन्हा पुढे पळायची. घरीही तसेच. आईचे वाक्य पुरे व्हायच्या आत तिचे उत्तर तयार असायचे. धाकट्या भावाने पेन्सिल घेतली की आधी हात उठायचा, मग कळायचे की पेन्सिल त्याचीच होती.

एकदा ती फुरंगटून म्हणाली, ‘ताई, मला हे येतं. पुढचं शिकवा ना!’

ताईंनी तिला जवळ बसवले. ‘रोहिणी भाटे हे नाव ऐकलंयस? महाराष्ट्रात कथक रुजवलं ते रोहिणीबाईंनी. 1947 साली त्यांनी पुण्यात नृत्यभारती सुरू केली. लोक त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. अशा वेळी एखादी म्हणाली असती, आता मी गुरू झाले. पण बाई शिकवत असतानाच स्वतः शिकत राहिल्या. लच्छू महाराजांकडे, मोहनराव कल्याणपूरकरांकडे, वर्षानुवर्षं. गाणंही शिकल्या. 2008 मध्ये त्या गेल्या. तोवर त्यांचं शिकणं थांबलं नव्हतं. ‘मला हे येतं’ या वाक्यापाशी शिकणं संपतं बेटा. त्या वाक्यापासून जरा जपून राहा.’

मुलीने मान डोलावली. मनात मात्र चक्करच होते. घरी गच्चीवर, मोबाइलवर बघून बघून, तिने स्वतःच चक्कर शिकून घेतले. जन्मजात वेग होताच. तीन झाले, पाच झाले, मग नऊ.

आश्विनात कोजागरीला गावात एक छोटा कार्यक्रम ठरला. ताईंच्या मुलींनी तत्कार, दोन तोडे आणि शेवटी एक तिहाई करायची होती. एकच बोल तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्या वेळचा शेवट नेमका समेवर आणायचा, ही तिहाई. हिची पाळी आली. तिहाईच्या शेवटी हिने, ताईंना न विचारता, नऊ चक्कर घेतले. लोक उभे राहिले. शिट्ट्या झाल्या. दोन्ही हात पसरून, मान उंच करून ती थांबली आणि तबल्याचा ‘धा’ त्यानंतर पडला.

अर्धी मात्रा. लोकांना कळले नाही. टाळ्या थांबेनात. पण तबलजींना कळले. त्यांनी मान खाली घातली. ताईंना कळले. आणि मुलीलाही कळले, कारण इतके दिवस टाळ्या देऊन देऊन ताईंनी तिचा कान नकळत तयार केला होता. पाय पळाले होते, कान मागे राहिला होता.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘सम सापडली?’

मुलगी काही बोलली नाही. घरी येऊन तिने उशीत तोंड खुपसले. ज्या टाळ्यांसाठी ती इतकी धडपडली, त्या मिळाल्या होत्या आणि खोट्या वाटत होत्या. दुसऱ्या दिवशी ती क्लासला गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

दिवाळी झाली. कार्तिक लागला. जळगावात प्रतिपदेपासून श्रीरामाची वहने निघू लागली आणि एकादशीचा रथ जवळ आला. अप्पा महाराजांनी 1872 साली सुरू केलेला हा रथोत्सव. दीडशे वर्षांत गाव वाढले, पेठा बदलल्या, पण कार्तिकी एकादशीला रथ ओढायला अजूनही अवघे गाव लोटते. मुलीच्या घरात या दिवशी निराळीच लगबग असायची, कारण आबा मोगरीवाले होते.

या रथाला ब्रेक नाही. अवजड लाकडी रथ, पुढे दोरांना लागलेली शेकडो माणसे, आणि अरुंद गल्ल्या. त्याला थांबवायचे आणि वळवायचे ते मोगरीने. मोगरी म्हणजे लाकडाचा भक्कम ठोकळा, पाचरीसारखा. डाव्या चाकाखाली दिली की डावे चाक अडते, उजवे पुढे जाते आणि रथ डावीकडे वळतो. दोन्ही चाकांखाली दिली की थांबतो. मोगरीवाला वाकून, चाकाच्या अगदी शेजारून चालतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही; सगळ्यांचे डोळे वर, मूर्तीकडे असतात.

मुलगी दर वर्षी दोराकडे धावायची. त्या वर्षी तिचे मन उदास होते, म्हणून ती आबांच्या मागे मागे चालली. आणि पहिल्यांदाच तिने आबांचे हात पाहिले.

‘जय श्रीराम’चा गजर झाला, दोर ताणले गेले, रथ घरंगळला. आबा चाकाबरोबर सरकत होते. घाई नव्हती, ढिलाईही नव्हती. पुढे कोपरा आला. लोक ओरडले, ‘द्या, द्या!’ आबांनी दिली नाही. मुलीचा जीव वर-खाली झाला. आणखी एक हात चाक पुढे आले आणि आबांनी मोगरी सरकवली. लाकडावर लाकूड दबले, रथ जराही न हिसकता वळला आणि सरळ झाला.

भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी रथ थांबला. तिथे चादर चढवली जाते; अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांच्या स्नेहाची ती आठवण. एवढ्या गर्दीत, एवढ्या जोरात आलेला रथ आबांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी नेमका जागेवर उभा केला. आबा कठड्याला टेकून घाम पुसू लागले. नातीचा चेहरा पाहून म्हणाले, ‘काय व्हयनं माय?’

मुलीने सगळे सांगितले. क्लास, चक्कर, टाळ्या, अर्धी मात्रा. मग विचारले, ‘आबा, लोक द्या द्या ओरडत होते, तरी तुम्ही मोगरी दिली कशी नाही?’

‘लोकांना रथ दिसतो बेटा, चाक दिसत नाही. लवकर दिली तर रथाला हिसका बसतो, वरची मूर्ती हलते. उशिरा दिली तर चाक मोगरीवरून जातं, नाहीतर माझ्या हातावरून. ती एक वेळ असते. ती डोळ्याला दिसत नाही. चाकाचा आवाज ऐकावा लागतो.’

‘आणि ते कोणी शिकवलं?’

‘माझ्या बानं. पण पहिली काही वर्षं त्यानं माझ्या हातात मोगरीच दिली नाही. म्हणायचा, मागं चाल आणि ऐक. मला राग यायचा. अंगात ताकद होती, मला दोर ओढायचा होता.’ आबा दोराच्या गर्दीकडे पाहून खानदेशी बोलीवर आले. ‘रथ वढाले सारं गाव शे माय. थांबाडाले मोगरीवालाच.’

तोवर हाकारा झाला आणि आबा पुन्हा चाकाशी गेले. मुलगी गल्लीबोळांतून रथामागे चालत राहिली. त्या दिवशी तिने मूर्ती कमी पाहिली, चाक ऐकले. ताई तिला घुंगरू का देत नव्हत्या, हे तिला कोणी वेगळे समजावून सांगावे लागले नाही. आणि जानेवारीतली ती नर्तकीही आठवली. इतके चक्कर घेऊनही ती समेवर का थांबू शकली, याचे उत्तर तिच्या सुरुवातीच्या उभे राहण्यात होते. जिला उभे राहून ताल धरता येतो, तिलाच फिरून ताल सापडतो.

दुसऱ्या दिवशी ती क्लासला गेली आणि म्हणाली, ‘ताई, मला सम सापडली नव्हती.’

ताईंनी तिला नवा सराव दिला. तीनतालाचे एक आवर्तन पायांनी करायचे, पुढचे पूर्ण आवर्तन स्तब्ध उभे राहून मनात मोजायचे आणि बरोबर समेवर पाऊल टाकायचे. ऐकायला सोपे. करायला बसले की कळते. पाय हलत असतात तेव्हा अंगच मोजत असते. पाय थांबले की फक्त मन उरते, आणि मन सोळा मात्रा सरळ चालत नाही. ते कधी पुढे पळते, कधी खिडकीबाहेर जाते. पहिल्या दिवशी ती दर वेळी चुकली. कधी चौदाव्या मात्रेवर पाऊल पडायचे, कधी सम निघून गेल्यावर. ताई फक्त बोट वर करायच्या, पुढे किंवा मागे. पुन्हा.

रोज सकाळी शाळेआधी ती हा सराव करू लागली. हळूहळू त्या स्तब्ध आवर्तनात तिला भीती वाटेनाशी झाली. मग ताईंनी एकाऐवजी दोन आवर्तने स्तब्ध ठेवली. मग लय बदलली. मग एके दिवशी पन्नास-पन्नास घुंगरांची जोडी तिच्या हातात ठेवली. जाड सुती दोरीत, प्रत्येक घुंगरानंतर गाठ मारून ओवलेली ती पितळी घुंगरे बांधून तिने तत्कार केला. प्रत्येक पावलाला एकच आवाज येत होता, स्वच्छ, सुटा.

घरच्यांच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. आई बोलत असताना मुलगी आता ऐकून घेत होती. भावाने पेन्सिल घेतली की हात उठण्याआधी क्षणभर काहीतरी होत होते, आणि त्या क्षणात ती पेन्सिल कोणाची हे पाहत होती. तिला हे कोणी शिकवले नव्हते. रोज सकाळी जी स्वतःला एक आवर्तन थोपवून धरते, तिला दिवसभरात एक श्वास थोपवणे जमू लागते. आईने एवढेच म्हटले, ‘फी वाया नाही गेली.’

पुढे प्रारंभिकची परीक्षा झाली, मग प्रवेशिकेची तयारी सुरू झाली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारदपर्यंत सात परीक्षा असतात. आता ती पुढच्या परीक्षेची तारीख विचारत नसे.

चैत्रात धुळ्याला, देवपुरात, एकवीरा देवीच्या यात्रेच्या दिवसांत ताईंच्या मुलींचा कार्यक्रम ठरला. एरंडोल, पारोळा मागे टाकत एसटी धुळ्याला पोहोचली, तेव्हा सगळ्यांत धाकटी मुलगी खिडकीशी गप्प बसली होती. तिचा हा पहिलाच कार्यक्रम. रचना पाच जणींची होती. तत्कार चौगुनीपर्यंत न्यायचा, मग सगळ्यांनी मिळून तिहाई, आणि तिहाईच्या अखेरच्या टप्प्यात पुढे उभ्या असलेल्या आपल्या मुलीने एकटीने नऊ चक्कर घेऊन समेवर यायचे. या वेळी चक्कर ताईंनीच दिले होते. ती ते आता डोळे मिटूनही समेवर आणत होती.

मांडव भरला होता. पेटीवर लेहरा, तबल्यावर तीनताल. तत्कार रंगला. ठाय, दुगुन, चौगुन. तिहाई सुरू होणार तेवढ्यात मागे गडबड झाली. धाकटी घाबरून एक मात्रा आधी निघाली. तिचे पाहून शेजारच्या दोघी बावरल्या. घुंगरांचा एक असलेला आवाज फुटला. तबलजींनी वर पाहिले.

पुढे उभ्या मुलीला हे ऐकू आले. तिला दोन वाटा होत्या. ती चक्कर घेऊ शकत होती; लोकांचे डोळे तिच्यावर खिळले असते, मागे काय झाले ते कोणाला दिसलेही नसते. टाळ्या तिच्याच झाल्या असत्या.

तिने चक्कर घेतले नाहीत. नाचाचाच भाग वाटावा अशी ती सहज वळली, मागच्या रांगेकडे तोंड केले आणि चौगुन सोडून सरळ ठाय लयीत तत्कार धरला. ता थेई थेई तत्. पाऊल ठाम, आवाज मोठा. नवव्या मात्रेवर तिने हात उघडून खाली दाखवली. तिचे डोळे धाकटीवर होते. तबलजी जाणते होते. त्यांनी ठेका साधा केला. दोघी परत आल्या. मग तिसरी. धाकटीचे ओठ मात्रा मोजू लागले, पाय सापडले. एक आवर्तन पुरे झाले, घुंगरांचा आवाज पुन्हा एक झाला. मुलीने तबलजींकडे नजर टाकली, तिहाई पुन्हा उचलली, आणि तीन वेळा बोल म्हणून पाचही जणी ‘धा’वर थांबल्या. पाच जणींचे एकच पाऊल.

टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. कोजागरीइतक्या नव्हत्या. शिट्टी एकही नव्हती.

आत आल्यावर धाकटी रडायला लागली. ‘दीदी, माझ्यामुळे तुझे चक्कर गेले.’

मुलगी तिच्या पायातले घुंगरू सोडत म्हणाली, ‘चक्कर माझे होते गं. सम सगळ्यांची होती.’

ताईंनी हे ऐकले. परतीच्या एसटीत त्या मुलीला म्हणाल्या, ‘दर रविवारी अर्धा तास आधी ये. धाकटीचा तत्कार तू घ्यायचास.’ ताईंकडून मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी होती आणि मुलीला ते कळले. पहिल्याच रविवारी धाकटीने विचारले, ‘दीदी, घुंगरू कधी?’ आणि मुलीने तिला शेजारी उभे करून, संथ लयीत, हाताने ताल द्यायला सुरुवात केली.

तात्पर्य : वेग उपजत मिळू शकतो, ताबा मात्र रोज कमवावा लागतो. कोणतीही विद्या शिकताना आपण खरे तर स्वतःला आवरायला आणि सावरायला शिकत असतो, म्हणून पायाचे धडे कितीही संथ वाटले तरी ते टाळू नयेत. नेमके कुठे थांबायचे हे ज्याला साधले, त्याची कला पक्की होते, त्याचा स्वभाव निवळतो आणि वेळ आली तर तो दुसऱ्यालाही तोल सांभाळून देऊ शकतो.